प्रतिवादी क्रमांक तीन

कोर्टाने बहिणींना दाव्यात जोडायचा अर्ज मंजूर केला आणि देवरावाचा जीव भांड्यात पडला. सात वर्षं चाललेली केस एका ओळीपायी बुडायला निघाली होती, ती वाचली.

ओळ दुसऱ्या कोणाची नव्हे, त्याचीच. गावाकडच्या, बेशाच्या, वावराचा दावा टाकताना दत्तोपंत वकिलांनी विचारलं होतं, "रामाजींना वारस कोण कोण?" तर हा शहाणा म्हणाला, "आमी दोघं भाऊ. बहिनी हायेत दोन, पन त्या आपल्या देल्ल्या घरी सुखी हायेत." मुनशीने लिहिलं, 'मयतास दोन मुलगे', आणि यानं खाली सही ठोकली. झालं. पोरगी लग्न करून गेली म्हणजे बापाच्या कागदातूनही गेली, असाच हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. कायदा बदलला, पण सांगायला कोणी बेशात आलं नव्हतं. मग सात वर्षांनी, साक्षीपुरावा ऐन रंगात आलेला असताना, समोरच्या पक्षाचा, म्हणजे चंपतरावाचा, वकील उठला आणि गोड आवाजात म्हणाला की मयत रामाजीला दोन मुली आहेत, दोघी हयात आहेत, आणि दाव्यात त्यांचा पत्ताच नाही. असा अर्धवट दावा चालतो कसा?

दत्तोपंतांनी त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात देवरावाची अशी खरडपट्टी काढली की चहावाला थांबून ऐकत राहिला. शेवटी म्हणाले, "बहिणींना पक्षकार करा, नाहीतर वावर विसरा. धाकटीची सही मिळेल?"

"सिंधूची? आत्ता आनतो." सिंधूताई नागपुरातच, महालातल्या शाळेत शिकवत होती. तिनं खडूच्या हातानंच सही केली. ती झाली वादी क्रमांक तीन.

"आणि मोठी?"

देवराव जमिनीकडे पाहत राहिला.

"नसेल येत तर प्रतिवादी करू," दत्तोपंत म्हणाले. "वारस दाव्यात असला म्हणजे झालं, कायद्याला बाजूशी घेणं नाही. पण एकदा विचारून तर पाहा."

विचारायला जायचं म्हणजे कुठे, तर सावनेरला. सावनेर काही काशी नव्हे. सकाळच्या एसटीनं गेलं तर दुपारी जेवायला माणूस घरी परत येतो. पण देवरावाच्या तोंडून शब्द निघाले, "तसंच करा, वकीलसाहेब." आणि कागदावर उतरलं: प्रतिवादी एक, चंपतराव, म्हणजे ज्या चुलतभावानं खालचे तीन एकर आपल्या नावावर चढवून घेतले तो. प्रतिवादी दोन, ज्या प्लॉटवाल्याला त्यानं ते विकले तो. आणि त्यांच्याच पंगतीला, प्रतिवादी तीन, सौ. इंदूबाई, देवरावाची सख्खी मोठी बहीण, जिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं.

घरी आल्यावर त्यानं ही गोष्ट बायकोला, वच्छलेला, जमेल तितकी हळू आवाजात सांगितली. तिनं हातातला विळा खाली ठेवला.

"बहिनीवर केस टाकली?"

"टाकली नाही वं. जोडली."

"बैल जोडतेत, बहीन नाही जोडत," वच्छला म्हणाली आणि विळा उचलून पुन्हा भाजीला लागली. त्यानंतर तीन दिवस ती कामापुरतीच बोलली.

*

हे वैर कशाचं, म्हणाल तर एका पोस्टाच्या तिकिटाचं. नऊ वर्षांपूर्वी इंदूबाईच्या सुमतीचं लग्न निघालं. मामाला आमंत्रण द्यायला माणूस यावा लागतो, कुंकू लावून, अक्षत देऊन. आली ती पोस्टानं आलेली पत्रिका. देवरावानं ती पालथी घातली, सुलटी केली, आणि खुंटीला लावली. "मामाले असं बलावतेत का? मी का पोस्टमास्तर हाओ?" म्हणत तो घरी बसला. भाचीच्या मागे मामा म्हणून चंपतराव उभा राहिला.

दोन महिन्यांनी कळलं की त्या दिवसांत इंदूबाईचा नवरा खदानीत पाय मोडून दवाखान्यात पडला होता आणि आमंत्रणाला धाडायला घरात पुरुष माणूसच नव्हता. देवरावाला लाज वाटली, अगदी पोटातून वाटली. पण आता कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी लाज दुप्पट झाली होती. असं करत नऊ वर्षं झाली. माणूस रागानं तुटतो असं लोक म्हणतात. देवरावाला विचाराल तर माणूस लाजेनं जास्त तुटतो.

आणि आता गरजेला जायचं? भावानं बहिणीला द्यायचं असतं, मागायचं नसतं. त्यात मागायचं ते काय, तर साक्ष! कारण साऱ्या केसचा जीव तिथंच होता. चंपतराव म्हणत होता की खालचे तीन एकर वाटणीत त्याच्या बापाला गेले. रामाजी आणि त्याचा भाऊ वेगळे झाले तेव्हा कागद झाला नव्हता. दोघं भाऊ गेले, पंच गेले. ती वाटणी डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस जिवंत होतं, तेव्हा बारा वर्षांची असलेली इंदू. ती चंपतरावाच्या बाजूनं एक वाक्य बोलली की खेळ खलास.

नोटीस सावनेरला पोचली. पुढची तारीख गुरुवारची होती आणि त्याआधी रविवारी अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, होती.

*

अखजीला बेशात घरोघरी पितर जेवतात. ज्याचा बाप गेला त्यानं बापाच्या वयाचा, बापाच्या ओळखीचा कोणी बोलवायचा, पाय धुऊन पाटावर बसवायचा, आणि तो बापच आहे असं समजून त्याला पोटभर वाढायचं. पितर जेवून उठला, पाणी प्याला, की वर्ष चांगलं जातं. अर्धपोटी उठला तर मग विचारूच नका.

रामाजीच्या पाटावर दर वर्षी धोंडबा बसे. रामाजीचा बाळपणचा सोबती, आता पंच्याऐंशीचा, अंगानं काडीसारखा आणि पोटानं विहीर. सकाळपासून उपाशी राहून तो बाराच्या ठोक्याला हजर झाला. देवरावानं पाय धुतले, गंध लावलं. वच्छलेनं पत्रावळ भरली: पुरणपोळ्या, तूप, कुरड्या, वडे, कढी, आणि आंब्याच्या रसाची ही मोठी वाटी. धाकटा भाऊ आनंदराव पाण्याच्या नव्या घागरीपाशी उभा होता. सिंधूताई शहरातून आली होती. देवरावानं हात जोडले, "बाबा, जेवा."

धोंडबानं पोळीचा तुकडा मोडला, रसात बुडवला, तोंडाजवळ नेला, आणि दारातून आवाज आला.

"थांबा बाबा. माही एक फिर्याद हाये."

इंदूबाई! डोक्यावर पदर, पायावर एसटीच्या रस्त्याची धूळ, काखेत पिशवी आणि हातात कोर्टाची नोटीस. देवराव हात जोडलेला तसाच राहिला. नऊ वर्षांत तिचे केस पार पांढरे झाले होते. आपल्याला हे कोणी सांगितलं कसं नाही, असा वेडा विचार त्याच्या मनात आला.

ती कोणाकडे न बघता सरळ आत आली आणि पाटासमोर मांडी घालून बसली. "बाबा, तुमी आज आले तं बरं झालं. तुमच्या पोरानं माह्यावर केस टाकली."

धोंडबाच्या घासातला रस मनगटावर ओघळला. "माय वं इंदू, मी धोंडबा हाओ ना..."

"उद्या तुमी धोंडबा. आज माहे बाबा. यायनंच बसवलं ना तुमाले या पाटावर?"

नियम तर तोच होता. धोंडबानं रसाच्या वाटीकडे पाहिलं, इंदूबाईकडे पाहिलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि घास पत्रावळीवर परत ठेवला. मग पाठ ताठ केली. देवरावाला उगाचच आपला बाप आठवला. रामाजीही रागावण्याआधी असाच ताठ बसायचा.

"काहून गा देवराव? पोरगी म्हनते ते खरं हाये?"

"केस नाही बाबा," देवरावाच्या तोंडून बाबाच निघालं. "ते फक्त नाव जोडलं. कायद्यानं जोडा लागते."

"सिंधू, वाच," इंदूबाईनं नोटीस पुढे केली.

सिंधूताईनं चष्मा लावला. शाळेत धडा वाचावा तसं स्वच्छ वाचलं, "देवराव रामाजी गावंडे व इतर दोन, वादी. विरुद्ध. चंपतराव..."

"पुरे. विरुद्ध म्हंजे काय वं?"

सिंधूताई चष्मा पुसायला लागली. सगळ्यांनाच ठाऊक होतं, इंदूबाईला सर्वांत जास्त.

"आनंदा, तू सांग."

आनंदराव घागरीआड सरकला. त्याचं डोकं वेगळ्याच गणितात होतं. कालपासून तो देवरावाला म्हणत होता की मोठीला जोडली, आता तिला हिस्सा द्यावा लागेल. तेच त्याच्या तोंडून सटकलं. "बाई, तुले हिस्सा पायजे असन तं तसं सांग ना. भांडन काहून करून राहिली?"

"वा रे वा!" सिंधूताई उसळली. "माझी सही घेताना हिस्सा नाही आठवला तुला? का माझा नाहीच, असं धरलंय? मग मीही बाईच्याच बाजूला बसते." आणि ती खरंच उठून इंदूबाईशेजारी जाऊन बसली. वच्छलेनं काही न बोलता सुपारीचं तबक उचललं आणि तीही त्याच बाजूच्या भिंतीशी टेकली. घरात आता देवराव एकीकडे आणि साऱ्या बाया दुसरीकडे.

"हिस्स्याचं मंग पाहू," इंदूबाई म्हणाली. तिनं आता पहिल्यांदा भावाकडे तोंड केलं. "देव्या, म्या लग्नाची पत्रिका पोस्टानं धाडली तं तू नऊ वर्ष रुसला. तू तं मले कोर्टाचा शिपाई धाडला. आता म्या किती वर्ष रुसू? तूच सांग. तेवढं जगीन का मी?"

देवरावाचे जोडलेले हात आता कुठे खाली आले.

"शिपाई आला तवा सारी कॉलनी दारात होती. सुमतीचा नवरा वाचून दाखवून राहिला, अन् मी आपली इचारून राहिली, अरे, कोनावर केस? म्हने तुमच्यावरच, सासूबाई. तुमच्या भावानं." तिचा आवाज इथं जरा फाटला. "दुसऱ्या दिवशी चंपत आला. लुगडं घेऊन. टाईप केलेला कागद घेऊन. म्हने, बाई, देवरावानं तुले कोर्टात वढलं, मी तुले सोडवतो. इथी अंगठा दे, खालचं वावर माह्या बापाचं होतं म्हनून."

आनंदरावाच्या तोंडचं पाणी पळालं. "मंग... देल्ला का?"

"लुगडं ठेवून घेतलं."

"अन् अंगठा?"

इंदूबाईनं उजव्या हाताचा अंगठा वर करून सगळ्यांना दाखवला, धाकट्या भावाला जरा जास्तच वेळ. "हा काय. माह्यापाशीच हाये."

सिंधूताई पहिल्यांदा हसली, मग वच्छलेनं तोंडाला पदर लावला, आणि पाटावर बसलेला पितर खो खो करून असा हसला की त्याला ठसका लागला. देवराव पाणी द्यायला धावला. हसावं की रडावं हे त्याला कळत नव्हतं. गेला महिनाभर छातीवर बसलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

"बाबानं अन् काकानं धुरा टाकला," इंदूबाई शांतपणे म्हणाली, "तवा त्या बांधाचे दगड म्या टोपलीनं वाहले. खालचं वावर बाबाचं, वरचं काकाचं. काकानं वरचं कवाचंच इकून खाल्लं. हे मी चंपतले बी सांगतलं, त्याच्याच लुगड्याची घडी हातात धरून. मले कोनी इचारलं असतं तं सात वर्षाआधीच सांगतलं असतं. पन मले कोन इचारते? मी देल्ल्या घरची."

आता बोलायला हवं होतं. सगळे देवरावाकडे पाहत होते आणि तो पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरत होता, बावन्न वर्षांचा बाप्या. धोंडबानं क्षणभर वाट पाहिली. मग दोन्ही हातांनी पत्रावळ पुढे सारली.

"मी उठतो," तो म्हणाला. "ज्या घरी माही पोरगी विरुद्ध हाये, तिथं माह्या नरड्याखाली घास उतरत नाही." आणि म्हातारा खरंच एक गुडघा टेकून उठायला लागला. नजर रसावरच होती, पण गुडघा उचलला होता.

"अवं माय! पितर उपाशी उठून राहिला!" वच्छला किंचाळली. "धरा ना त्यायले! बोला ना काही! तोंडात का मूग घातले?"

"बाई, चुकलो मी," देवराव म्हणाला.

एवढंच म्हटलं आणि पुढचं आपोआप सुटलं. "लग्नाले आलो नाही ते चुकलो. जवाईबाप्पूचा पाय मोडला ते मांगून समजलं, तरी आलो नाही, ते जास्त चुकलो. दावा टाकला तवा तुह्यं नाव सांगतलं नाही. आता बी सावनेरले याची हिंमत नाही झाली, म्हनून तुले तिकडच्या रांगेत बसवलं. तू नाही म्हनशीन याचं भेव नव्हतं वं. तू हो म्हनशीन, अन् मले तुह्याकडं पाहा लागन, याचं भेव होतं." त्यानं डोळे पुसले. "माह्या बाजूनं ये. मी इचारून राहिलो. येतं का?"

इंदूबाईनं सिंधूच्या हातातली नोटीस घेतली, घडी करून पिशवीत टाकली. मग म्हणाली, "येतो. पन हक्कसोड लिहून देनार नाही. आधीच सांगून ठेवतो. बाबाचं वावर हाये, माह्यं बी हाये. मंग म्हनशीन बहीन लोभी निंगाली."

देवरावानं आनंदरावाकडे पाहिलं. आनंदराव अजून त्या अंगठ्याकडेच पाहत होता. तो अंगठा कागदावर उमटला असता तर वाटायला काय उरलं असतं, हे गणित त्याला आत्ता कुठे सुटलं असावं. "नको सोडू, बाई," तोच आधी म्हणाला. "चार जनांत चार वाटे. अन् सिंधूचा बी."

"चारात मी आलेच की रे," सिंधूताई म्हणाली.

"झालं?" धोंडबा पुन्हा मांडी घालत म्हणाला. "मिटलं ना? कोनाची काही फिर्याद राहिली असन तं आत्ताच बोला, मंग मी आयकनार नाही. वच्छला, थे पोळी थंडी झाली वं, गरम आन. अन् रस."

पितर त्या दिवशी सात पोळ्या जेवला. आठवी इंदूबाईनं वाढली.

*

गुरुवारी कोर्टात दत्तोपंतांनी नवा अर्ज दिला: प्रतिवादी क्रमांक तीन यांना त्यांच्या संमतीने वादी करण्यात यावे. कागदावर इंदूबाईचा अंगठा उमटला होता, निळाशार. वकिलांचा आनंद इतका की महिनाभर आधी देवरावाची काढली होती तेवढीच आता त्यांनी इंदूबाईची तारीफ केली. चंपतराव पलीकडच्या बाकावर बसला होता. इंदूबाई शेजारून जाताना तो उठून म्हणाला, "बाई, तूनं तं मले तोंडघशी पाडलं." ती थांबली आणि म्हणाली, "तू सुमतीच्या मागं उभा राहिला, त्याचे उपकार मी मरेलोक इसरनार नाही, चंपत. पन बाबाचं वावर त्यात देता येत नाही." चंपतराव खाली बसला.

पुकारा झाला. इंदूबाई पिंजऱ्यापाशी उभी राहिली, एका हातानं कठडा घट्ट धरून. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"तुमचा अंगठा आहे हा? कोणी जबरदस्ती केली?"

"माह्यावर?" इंदूबाई म्हणाली. कोर्टात थोडी हसाहस झाली.

"तुम्हाला या दाव्यात प्रतिवादी केलं होतं. आता भावाच्या बाजूने वादी व्हायचं म्हणता. भावाच्या विरुद्ध तुमचं काही म्हणणं नाही ना?"

दत्तोपंतांनी तिला चारदा पढवलं होतं, 'काही म्हणणं नाही' एवढंच म्हणायचं, एक शब्द जास्त नाही.

"लय म्हननं हाये, साहेब," इंदूबाई म्हणाली.

दत्तोपंतांनी कपाळावर हात मारला. चंपतरावाचा वकील अर्धा उठला.

"नऊ वर्षाचं साचलं हाये. पन ते घरचं हाये, घरी म्हनीन. इथी मी त्याच्या संगं हाओ. लिहून घ्या."

न्यायाधीशांनी मान खाली घातली आणि बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता, पण फार नाही. "मंजूर. वादी क्रमांक चार. पुढची तारीख सुट्टीनंतर."

घरी म्हणीन म्हणाली खरी, पण तिला कुठला धीर निघतो! कोर्टाची पायरी उतरली तिथूनच इंदूबाईचं तोंड सुटलं. सुमतीच्या लग्नापासून सुरुवात झाली. मामाची वाट पाहत मुहूर्त कसा टळत आला, सुमती पाटावर बसून दाराकडे कशी बघत होती, दवाखान्यात नवरा रोज कसा विचारायचा की देवराव आला का. मग सुमतीच्या बाळंतपणाला कोणी आलं नाही ते, मग मधली दिवाळी, मग त्याच्या पुढची. झाडाखालचे पक्षकार, टाईपवाले, चहावाले मान वळवून पाहत होते. देवराव तिची पिशवी काखेत घेऊन खाली मान घालून शेजारून चालत होता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

मागून दत्तोपंत धापा टाकत आले. "अहो देवराव, काय झालं? आत्ता तर बाजूने बोलली ना? आता काय बिनसलं?"

"काही नाही बिनसलं, वकीलसाहेब," देवराव म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की दत्तोपंत जागीच थांबले. "माही बहीन मले रागावून राहिली."